ती शेळीच होती

प्रिय ताई,

आधी खाली बस. उभ्या उभ्या वाचायचं पत्र नाही हे. ती शेळीच होती! टेकडीवरच्या त्या जुन्या गावाच्या उत्खननात तुला मिळालेली, तू शेळी म्हणत होतीस आणि बाकी कोणी ऐकत नव्हतं, तीच. मी स्वतः तपासलंय आणि सकाळपासून प्रयोगशाळेत येड्यासारखी हसतेय.

उत्खनन चालवणाऱ्या सरांनी ती हाडं मेंढ्यांची ठरवून अहवालातून तू लिहिलेलं प्रकरण काढून टाकलं, तेव्हा मी शाळेत होते. तू घरी आलीस. पुस्तकं माळ्यावर टाकलीस आणि शिक्षिकेची नोकरी धरलीस. शेळी-मेंढीची हाडं इतकी सारखी, की नुसत्या नजरेच्या जोरावर तू तरी किती भांडणार होतीस? आणि तेही सरांशी.

माझं काम तुला जादूटोणा वाटतं, म्हणून थोडक्यात सांगते. हाडात कोलॅजेन नावाचं प्रथिन असतं, ते हजारो वर्षं टिकू शकतं. हाडाची चिमूटभर पूड घ्यायची, त्यातल्या प्रथिनाचे तुकडे करायचे आणि यंत्राकडून त्यांची वजनं करून घ्यायची. शेळीच्या एकदोन तुकड्यांचं वजन मेंढीपेक्षा जरासं वेगळं भरतं. बास, एवढंच. यंत्र सरांना घाबरत नाही.

तर गोदामातून तुझं ते हाडांचं खोकं मागवलं आणि तू तुकडे जोडून अख्खं केलेलं ते सुंदर हाड आधी घेतलं. उत्तर आलं, गाय. एवढंसं हाड आणि गाय? शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, चला, तुझी बहीणही चुकली आणि सरही. दुपारी डबा तसाच ठेवून मी खोकं पुन्हा उघडलं. आणि मग एकदम तो वास आठवला. हाडं चिकटवायला तू आईच्या दुधाच्या पातेल्यात सरस उकळला होतास आणि आई पातेल्यासकट तुला घराबाहेर काढायला निघाली होती. अगं, सरस म्हणजे गुरांच्या कातड्यातलं कोलॅजेनच की! यंत्राने हाड सोडून तुझा सरस ओळखला होता.

मग सरस न लागलेली हाडं घेतली. शेळी. पुन्हा शेळी. मध्ये एक मेंढी निघाली, तर तिच्या पिशवीवर तू आधीच मेंढी लिहून ठेवलेलं. सरांना निकाल दाखवला. ते कागद वाचून म्हणाले, पोरीने तेव्हा माझ्याशी भांडायला हवं होतं. मी म्हटलं, आता भांडेल.

फोनवर सांगितलं असतं तर तू "बरं झालं" म्हणून विषय बदलला असतास, म्हणून हे पत्र. अहवालाची नवी आवृत्ती निघतेय आणि सरांना तुझं प्रकरण हवंय, तुझ्या नावानिशी. मी तुझ्या वतीने हो म्हणून मोकळी झालेय. शनिवारी खोकं घेऊन येते. जेवणाचं टेबल रिकामं कर आणि भावोजींना सांग, काही दिवस ताट मांडीवर घ्या. आणखी एक. एवढे विषय सोडून मी हाच का घेतला, असं सगळे विचारतात. तू कधी विचारलं नाहीस. तुझं खरं आहे हे मला तेव्हाही ठाऊक होतं, ताई, फक्त सिद्ध करता येत नव्हतं. ते करता यावं म्हणून शिकले.

तुझंच,
शेंडेफळ