फोडणीची पळी

शेवंता,

डाळ खाऊ नकोस. कॅम्पातल्या कामावरून भुकेली आलीस तरी खाऊ नकोस.

गोल्फच्या काठीचं डोकं हलकं वाटत होतं, म्हणून काल मी फोडणीच्या पळीत शिसं वितळवून त्यात ओतलं. पळी फेकायची राहिली. तू ती घासून ठेवलीस. आत्ता स्टोव्हपाशी तीच दिसली, मोहरी चिकटलेली.

करुणाच्या डब्यात हीच डाळ आहे ना?

मी शाळेत पळतोय. पळी डॉक्टरांना दाखवायला घेतलीय.

पोरवयापासूनचा हा गोल्फचा नाद. एक फटका सरळ जावा म्हणून हे सगळं. तू काठीला सवत म्हणायचीस, मी हसायचो. दाराआड आहे, भंगारात घाल.

करुणा मधल्या सुट्टीपर्यंत थांबत नाही, बाकाखाली डबा उघडते. तूच सांगतेस. आज बाईंनी तो काढून घेतलेला असू दे.