आत्याच्या पॅचवर माझे अकरा मुद्दे

ती. आत्यास,

तोंड दाखवायची सोय राहिली नाही, म्हणून कागदाआडून वाकून नमस्कार करतो आहे, तो गोड मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून कठडा धरावा लागतो का? आतोबांचा खोकला गेला का, की ते अजून ‘खोकला नाही, घसा साफ करतोय’ असंच सांगताहेत? इकडे बायको आणि लेक खुशाल आहेत. माझं तू विचारणार नाहीस, म्हणून आपणहून सांगतो. मेल सोडून हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. तर मेलवर मी काय दिवे लावले ते तू पाहिले आहेस, आणि तुझ्याबरोबर आमच्या कामाच्या मेलयादीवरच्या साडेतीन हजार लोकांनीही पाहिले आहेत.

गेल्या रविवारी दुपारी मी भांडी घासत होतो (घासतो, खोटं वाटत असेल तर सुनेला विचार) आणि आईचा फोन आला. आधी अर्धा तास गच्चीवरच्या टाकीची गळती झाली, मग प्लंबरची लबाडी झाली, आणि मग ती म्हणाली की अरे, तुझ्या आत्याने म्हणे तुमच्या त्या कॉम्प्युटरच्या पोटातलं काहीतरी दुरुस्त करून पाठवलं होतं. आठ महिने खपली बिचारी, आणि तिकडच्या कुणा शिष्टाने चारचौघांत तिची अशी काही काढली की तिने सगळं गुंडाळून ठेवलं. मी हातात कढई धरून, मोठ्या अनुभवी सुरात सांगितलं की आई, आमच्या धंद्यात असले नग पुष्कळ. अक्कल चिमूटभर आणि तोरा खंडीभर. आई म्हणाली, घरचं वळण नसेल त्याला. मी म्हणालो, नसणारच! नाव काय त्या दीडशहाण्याचं, असंही विचारलं. तर म्हणे तू काही केल्या नाव सांगितलं नाहीस, ‘जाऊ दे वहिनी, तरुण आहे’ एवढंच म्हणालीस. आत्या, मी बेचाळीस वर्षांचा आहे. तरुण म्हटल्यावर मला स्वतःचा संशय यायचं काही कारणच नव्हतं.

तो आला फोन ठेवता ठेवता. आई म्हणाली की वाचनालयातल्या मशीनचं घड्याळ मागे जात होतं, त्याची दुरुस्ती होती ती. मी विचारलं, आई, आत्याचं खरं नाव काय गं? आईला वाटलं मी चेष्टा करतोय. मग तिने सांगितलं, आणि मी ओल्या हातांनी लॅपटॉप उघडला. आमच्या कामात टोपणनाव चालत नाही. पाठवलेल्या दुरुस्तीखाली ज्याने त्याने आपलं पूर्ण, खरं नाव घालून सही करायची असा दंडक आहे. आणि तू म्हणजे माझी आत्या, बाबांची बेबी, शाळेत बाई आणि शेजारणींची काकू. तुझं खरं नाव विचारायची मला बेचाळीस वर्षांत गरजच पडली नाही. पडली तेव्हा त्या नावाखाली मी अकरा मुद्दे लिहून मोकळा झालो होतो. लाज वाटते हे लिहिताना, पण खरं आहे.

आईला मग सगळं समजावून सांगावं लागलं. (तुला समजावणार नाही. तो मान मी गमावला.) तिला म्हणालो की एका खऱ्या मशीनच्या पोटात चार-पाच लटकी मशीनं नांदत असतात, त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटतं की सगळं घर आपल्या एकट्याचंच आहे. त्यांचा हा गैरसमज टिकवून ठेवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्या कामी कुठूनही कोणीही दुरुस्ती पाठवतं, ती म्हणजे पॅच. आमच्यातल्या कोणीतरी ती ओळ न् ओळ वाचायची, सगळ्यांसमोर बरीवाईट म्हणायची, आणि ‘तपासले’ म्हणून खाली आपलं नाव द्यायचं. मगच आमचे थोरले ती आत घेतात. (थोरले म्हणजे या विभागाचा कारभार बघणारे गृहस्थ. वयाने माझ्यापेक्षा लहान आहेत, पण त्यांच्यापुढे सगळेच उभे राहतात.) आई म्हणाली, म्हणजे तू पेपर तपासतोस. म्हटलं, हो, तसंच. तर म्हणाली, बेबीनेही चौतीस वर्षं तेच केलं, पण पोरं रडत घरी गेल्याचं कधी ऐकलं नाही.

निवृत्तीनंतर तू वाचनालयाची मशीनची खोली सांभाळतेस हे मला ठाऊक होतं. सांभाळतेस म्हणजे फडक्याने धूळ पुसतेस, अशी माझी आपली समजूत. तिथे झोपवलेलं लटकं मशीन जागं केलं की एखाद्या वेळी त्याचं घड्याळ दहा-बारा मिनिटं मागे जायचं, आणि नोंदीत लोक पुस्तक न्यायच्या आधीच परत करायला लागले. ग्रंथपाल वाचकांवर डोळे वटारत होते. दुसरं कोणी असतं तर मशीन बंद-चालू करून चहाला गेलं असतं. तू बसलीस, आठ महिने बसलीस, आणि शोधून काढलंस की आम्ही जागं करताना आधी मशीन मोकळं सोडतो आणि मग त्याचं घड्याळ लावतो, क्रमच उलटा. सतरा ओळींची दुरुस्ती. सोबत दोन पानं खुलासा, की दोष कसा दिसतो, कधी दिसत नाही, आणि ज्याला पटत नसेल त्याने घरी कसा करून पाहावा.

आणि यावर मी पामराने काय लिहिलं? पहिला मुद्दा, विषयाची ओळ लांब आहे. दुसरा, तिच्या शेवटी पूर्णविराम आहे, तो नसतो. तिसरा ते सहावा, कुठे किती जागा सोडावी. सातवा, खुलासा निबंधासारखा झाला आहे, ही शाळा नव्हे. (शाळा नव्हे! तुला!) आठवा आता आठवत नाही, म्हणजे त्यात काही नसणारच. नववा, असा दोष खरंच असता तर सहा वर्षांत कोणाच्या लक्षात आला नसता का. दहावा, दोष बहुधा आपल्याच मशीनमध्ये असावा, तारा नीट खोचल्या आहेत का पाहावं. आणि अकरावा, नवशिक्यांनी आधी वर्षभर यादीवर नुसतं वाचत बसावं. यात मी मधूनमधून विनोदही केले. लोकांनी हसण्याची चिन्हं पाठवली. मला इतका हुरूप आला की ‘तपासणी कशी करावी’ म्हणून मी तो मेल छापला आणि ऑफिसात पाण्याच्या यंत्राशेजारच्या फळ्यावर लावला. तीन आठवडे तो तिथे होता. नवी भरती झालेल्या दोघीतिघींनी त्याचा फोटोही काढला.

तुझं उत्तर चार ओळींचं आलं होतं. ‘डिअर सर’ अशी सुरुवात. सरांच्या वेळेबद्दल आभार, मुद्द्यांबद्दल आभार, पॅच मागे घेत आहे, यादीला पुन्हा तसदी देणार नाही. तेव्हा मला वाटलं, वा, किती समंजस नवशिका! आता वाचतो तेव्हा त्या ‘सर’पाशीच अडकतो. तुला माझं नाव दिसत होतं. तू मला कडेवर घेऊन फिरलीस, मला भागाकार शिकवलास, आणि तरी सर म्हणालीस.

सोमवारी थोरल्यांनी सगळ्यांसमोर एका ओळीत विचारलं, की पॅच करून पाहिला, बरोबर आहे, आपण तो वाचला होता का? त्या दिवसापासून ऑफिसात कोणी माझ्याशी विषयाची ओळ किती लांब असावी यावर बोलत नाही. फळ्यावरचा कागद मी काढला. टाचण्या निघेनात, शेवटी जेवायच्या चमच्याने उचकटल्या, आणि नेमक्या त्याच वेळी त्या दोघीतिघी पाणी प्यायला आल्या. आईलाही सांगून टाकलं की तो शिष्ट मीच. ती म्हणाली की वळण लावलं होतं रे आम्ही. माझी बाजू मांडायची तर त्या दिवशी माझी दाढ ठणकत होती, चाळीस पॅच वाचायचे पडले होते, आणि वरून उकडत होतं. माणसाचा तोल जातो. मोठ्या मनाने पोटात घाल.

आतोबांना नमस्कार. घसा जपायला सांग.

तुझा भाचा

ता. क. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? येत्या गुरुवारी नव्या आवृत्तीचं दार बंद होणार, ते पुन्हा दहा आठवड्यांनी उघडणार. तुझा पॅच आत जायला दुसऱ्यांदा पाठवावा लागेल, आणि खाली सही तुझीच हवी. ती दुसऱ्या कोणी ठोकायची नाही. मी माझ्या नावाने पाठवावा असं एकाने सुचवलं, त्याला मी नाही म्हणालो. तू पाठव. मागे घेतलेला राहू देऊ नकोस. सतरा ओळी तुझ्या आहेत, त्या जगातल्या सगळ्या मशीनमध्ये तुझ्या नावाने बसल्या पाहिजेत. हे पत्र कुरिअरने धाडतो, उद्या पोचेल.

ता. क. २. पाकीट चिकटवून पुन्हा फोडलं. दाढ ठणकत नव्हती. उकडतही नव्हतं, आमच्याकडे एसी आहे. पॅच ज्या जुन्या पॅचची चूक सुधारतो, त्याचा आणि तो लिहिणाऱ्याचा उल्लेख खाली करायची रीत आहे, आणि तू ती पाळलीस. मी सुरुवातीलाच तिथे नजर टाकली. तिथे माझं नाव होतं. सहा वर्षांपूर्वी घड्याळाचा तो क्रम मीच उलटा लावला होता, आणि त्याबद्दल तेव्हा मला शाबासकीही मिळाली होती. ते नाव पाहिल्यावर मी पुढे एक ओळही वाचली नाही. नुसता पूर्णविराम शोधत सुटलो. आज सकाळी हे सगळं मी यादीवरही लिहून टाकलं, तुझ्या पूर्ण नावानिशी.

ता. क. ३. बुधवार. काल पोचेपर्यंत कुरिअरचं दुकान बंद झालं होतं, त्यामुळे पत्र अजून माझ्याच पिशवीत आहे. आज सकाळी यादी उघडली तर तुझा पॅच पुन्हा आलेला. थोरल्यांना पाठवला आहेस, अख्ख्या यादीला पाठवला आहेस, फक्त पाठवायच्या नावांतून माझं नाव वगळलं आहेस. बरोबर केलंस. मी तो यादीतून शोधून काढला आणि दार लावून बसलो. खुलासा वाचला, सतरा ओळी वाचल्या, तू सांगितलंस तसं करून पाहिलं. आधी घड्याळ मागे गेलं, तुझा पॅच लावल्यावर नाही गेलं. एकही मुद्दा नाही. खाली ‘तपासले’ म्हणून अजून कोणाचं नाव नाही. आजवर मी ते न विचारता देत आलो, जणू मी कोणावर उपकारच करतोय. आत्या, या वेळी विचारतो. देऊ का?