बिब्ब्याखालचा डाग

डिंडोली, सुरत
३ फेब्रुवारी २०२५

चि. निंबास,
प्रमिलाअक्काचे आशीर्वाद. वि. वि.

सुरतेत तुझी एक बहीण राहते, तुझ्याहून थोरली. आठवतंय का काही? तिच्या नातवाच्या, चेतनच्या लग्नात जेवण चापून तू पाय पसरून बसलास, तेव्हा तुझ्या तळपायावरचा काळा डाग तिने पाहिला. फोटो पाठवतो म्हणालास. संक्रांतही गेली. फोनवर नुसतं हो हो करतोस, म्हणून हे पत्र. मला अक्षर येत नाही. मी सांगते, नात सोनाली लिहिते. कागद खुंटीला अडकव.

चेतन मिलमध्ये साड्या रंगवतो. त्याच्या हाताचा रंगसुद्धा आठवड्यात जातो. तुझा डाग वर्षभर आहे आणि वाढतोय, हे तूच बोललास. सोनाली कातडीच्या डॉक्टरांकडे नर्स आहे. ती म्हणते, आपल्यासारख्या सावळ्यांना हा कॅन्सर झाला तर बहुतेक तळपायाला नाहीतर नखाखाली. लवकर सापडला तर कापून निघतो. तुमच्या दवाखान्याच्या आशाताई सुवर्णाकडे मोबाईलला लावायचं भिंग आहे म्हणे. पाय धू, उजेडात बस, फोटो पाठव. थोरल्या बहिणीकडे तळपाय कसा करू, ही लाज नको. ते पाय लहानपणी मीच घासलेत.

लोभ आहेच, फोटो येईपर्यंत जरा लपवून ठेवते.
अक्का


पारोळा
१४ फेब्रुवारी

ती. अक्कास,
निंबाचा सा. न. वि. वि.

पत्र खुंटीला आहे. सुवर्णाने फोटो पाठवला. मला विचारशील तर कापूस वेचताना मोडलेला काटा आहे तो. म्हणून आदल्या दिवशी गरम बिब्बा लावून घेतला, डॉक्टरांना निम्मं बरं झालेलंच दिसावं. सुवर्णा मात्र माझ्यावर का ओरडली, कळलं नाही. हरभरा काढायला आलाय, तेव्हा पायाचा विषय आता पुरे.

तुझी माया अशीच राहू दे, आवाज थोडा कमी कर.
निंबा


डिंडोली
२० फेब्रुवारी

चि. निंबास,
आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

बिब्ब्याने पाय इतका काळा केलास की डाग कुठला नि बिब्बा कुठला, डॉक्टरांना उमजेना. नशीब, एक कड उघडी राहिली. तिथल्या काळ्या रेघा त्यांना बऱ्या वाटल्या नाहीत. नुसत्या फोटोवर नक्की सांगत नाहीत; तुकडा काढून तपासायचा म्हणाले, आणि उशीर नको.

हरभरा तुझा विकास काढेल, मुलगा कशाला आहे? सोमवारी अमळनेरहून गाडीत बस. चेतन उधना स्टेशनावर उभा राहील. नाही उतरलास, तर मी माझे हे गुडघे घेऊन पारोळ्याला येईन आणि तुझ्या ओट्यावर बसून साऱ्या गल्लीला तुझं लहानपण सांगेन.

अक्का


पारोळा
६ एप्रिल

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचलो. डॉक्टरांनी कॅन्सर म्हटलं, तेव्हा मला पुढचं ऐकूच आलं नाही. पसरलेला नाही, ऑपरेशनात सगळा निघाला, हे तू मला दोनदा सांगितलंस तेव्हा कळलं. तू माझा पाय मांडीवर घेऊन बसलीस, नर्सा बघत होत्या, मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

टाच टेकवत चालतो. विकासने हरभरा माझ्यावाचून नीट काढला, याचं थोडं वाईट वाटतं. सुवर्णा आता येईल त्याला तळपाय दाखवायला लावते. काल गल्लीतला गणपत आला, तोही बिब्बा लावून. मीच त्याच्यावर ओरडलो.

तुझा,
निंबा


डिंडोली
१५ एप्रिल

चि. निंबास,
आशीर्वाद.

ओरडलास ते छान केलंस. तपासणीची तारीख सोनालीने सांगितली आहे. ती विसरलास तर माझे गुडघे तयारच आहेत.

वाळवणं झाली असतील. नागलीचे पापड पाठव, तिखट. विकासच्या हाती देऊ नकोस. पिशवी घेऊन एसटी स्टँडपर्यंत तू स्वतः चालत जा.

अक्का