नळीत अडकलेली सळई

बाळ,

धावण्याचा सराव करून परत आलीस की माझ्या टेबलावर तुझी रायफल दिसेल आणि तिच्या नळीत साफ करायची सळई अडकलेली. किंचाळू नकोस. आत गोळी नाही, नळी मागून बंद करणारा बोल्टही काढून ठेवला आहे.

पराक्रम तुझ्या दादाचा. तू नोकरी सोडून नेमबाजी धरलीस तेव्हापासून तुझ्याशी अबोला, आणि आज गुपचूप तुझी रायफल पुसायला बसला! उद्या तुझी निवड चाचणी ना, म्हणून. एका चिंधीनं भागलं असतं, यानं दोन कोंबल्या. वर मला विचारतो, "आत्या, एक गोळी झाडली की सुटेल ना?" म्हटलं, "नळी फुटेल, आणि तुझं थोबाडही."

नेमबाजी क्लबाच्या शस्त्रखोलीत मी अशा कितीतरी नळ्या मोकळ्या केल्यात. दोन्हीकडून तेल सोडलंय, तू येईपर्यंत चिंध्या चांगल्या भिजतील. मग पुढून पितळी दांडा घालून हलक्या हातानं ठोकायचं, सळई आली तशी मागे निघेल. उद्या तू याच रायफलनं खेळणार, काळजी नको.

मात्र एकानं रायफल घट्ट धरायची, दुसऱ्यानं ठोकायचं. दादा आत झोपेचं सोंग घेऊन पडलाय. त्याला हाक मार. धाकटी आहेस, तूच आधी मार.

मी थांबले असते, पण मुद्दामच कीर्तनाला निघाले. बुवांचं आज भरतभेटीचं आख्यान आहे. ते ऐकून येते. आल्यावर घरची भरतभेटही बघायची आहे.

आत्या