दोन बैल, दोन नळ्या

१७ जुलै, गुरुवार
उद्या मारुतीच्या पारापाशी जनावरांच्या डॉक्टरांचं शिबिर. बैलांचं रक्त घेऊन शिंगाचा कॅन्सर बघणार. फुकट. सुनेनं, मंगलनं, मोबाइलवरून वाचून दाखवलं. फुकट म्हणल्यावरच मला शंका आली. माझा बैल हरण्या खातो, पितो, रवंथ करतो. चिकलठाण्याचं विमान डोक्यावरून गेलं तरी कान हलवत नाही. धडधाकट जनावराचं रक्त कशाला काढायचं?
प्रकाशला विचारून उपयोग नाही. माझाच पोरगा, पण त्याला गोठा रिकामा पाहिजे. मोटारगाडी लावायची आहे तिथं. शिबिरात हरण्याचं नाव त्यानंच दिलं असेल.

१८ जुलै
गेलो. न्यायचं नव्हतं, पण किसन त्याचा पाखऱ्या घेऊन चाललेला दिसला. मग थांबवेना.
किसन माझा धाकटा भाऊ. बोलणं बंद आहे. हरण्या-पाखऱ्या एकाच दिवशी घेतलेली गोऱ्ही, जोडीनं वाढली. वाटणीत एक त्याला, एक मला. मी हरण्या दिला नाही, त्यानं पाखऱ्या दिला नाही. दोघांचीही शेतं ट्रॅक्टर नांगरतो आणि बैल आपापल्या दावणीला नुसते उभे.
डॉक्टर बाई तरुण, हात धीट. म्हणल्या, "काका, कॅन्सर सुरू झाला की रक्तात काही खुणा वाढतात. शिंग लोंबायच्या आधी कळतं."
"नक्की कळतं का?"
"नक्की नाही. शंका येते. मग पुढं तपासायचं."
मी म्हणलं, "शंकेला रक्त कशाला लागतं बाई, मला तर बसल्या बसल्या येते." सगळे हसले. किसनही हसला, पण दुसरीकडं बघून.
एक गोष्ट लिहून ठेवतो. हरण्याची नळी आणि पाखऱ्याची नळी, दोन्ही बाईंच्या मदतनिसाच्या एकाच मुठीत होत्या. चिठ्ठ्या त्यानं नंतर लावल्या.

२९ जुलै
फोन आला, मंगलनं घेतला. हरण्याच्या रक्तात खूण वाढलेली आहे. घाबरू नका म्हणल्या, पुढच्या आठवड्यात येतो, तोवर शिंगाला हत्यार लावू नका, पोळ्यालाही तासू नका. आजार खरा निघाला तर शिंग बुडातून काढावं लागेल. लवकर काढलं तर बैल जगतो.
गोठ्यात जाऊन दोन्ही शिंगं बोटानं वाजवून बघितली. सारखीच वाजतात. बुडाला हात लावला, गरम नाही. मग गरम वाटलं. मग माझाच हात गरम असेल.
बापाच्या वेळचा तांबडा असाच गेला. शिंग लोंबलं, नाकातून रक्त आलं, आत किडे पडले. शेवटी कुणी जवळ जाईना. मी आणि किसननं ते बघितलंय.

३० जुलै
प्रकाश जेवताना म्हणला, "आबा, वय झालंय त्याचं. उगाच चिरफाड कशाला? गोशाळेत नेऊन सोडू."
एवढं पटकन कसं सुचलं? आधीपासून ठरलेलं असणार.
मंगल म्हणली, "मामांना जेवू तर द्या." ती बरी आहे. का तीही त्याच्याच बाजूची, कोण जाणे.

१ ऑगस्ट
किसनच्या गोठ्याच्या मागून बांधाबांधानं गेलो. कारण काही नाही. पाखऱ्या डावं शिंग खुंट्याला घासत होता. पुन्हा पुन्हा. मान झटकायचा आणि घासायचा.
मला बरं वाटलं.
खरं तेच लिहितो. बरं वाटलं. म्हणजे नळ्यांची अदलाबदल झाली. खूण त्याच्या बैलाची, नाव माझ्या बैलाचं. मला तेव्हाच वाटलं होतं.
परत येताना पाय चिखलात रुतले. किसनच्या बायकोनं बघितलं बहुतेक.

२ ऑगस्ट
मंगलकडून डॉक्टर बाईंना फोन लावला. नळ्या बदलल्या असतील म्हणलं. बाई जरा चिडल्या. "काका, प्रत्येक नळीवर नंबर असतो."
"नंबर नंतर लावला. मी बघत होतो."
मग गप्प झाल्या. म्हणल्या, "बरं, दोघांचंही पुन्हा घेऊ. पण तुमच्या भावाला विचारायला पाहिजे."
गप्प झाल्या, म्हणजे काहीतरी आहे.

३ ऑगस्ट
मंगलला जा म्हणलं. "तुमचे भाऊ आहेत, मामा. मी गेले तर काकू म्हणतील सुनेला पुढं करतात."
बरोबर आहे तिचं. राग आला.

४ ऑगस्ट, सोमवार
गेलो. किसन कडबा कापत होता. बस म्हणला नाही, जा म्हणला नाही. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मूठ, चिठ्ठ्या, खूण, आणि बाई परवा माझ्या दारात दोघांचं रक्त पुन्हा घेणार ते.
तो कापत राहिला. मग म्हणला, "म्हंजी दादा, तुझा बरा निघायला माझा आजारी पायजेल. व्हय ना?"
"तसं नाय रे."
"मंग कसं?"
पायाशी पडलेला कडबा मी गोळा करून त्याच्या ढिगावर टाकला. 
निघालो तर मागून म्हणला, "परवा पाठीमागून कशाला आल्ता? वाट मोडली व्हती का म्होरली?"

६ ऑगस्ट
बाई माझ्या दारात आल्या. किसन येणार नाही असं धरून चाललो होतो. आला. पाखऱ्याला धुऊन आणलं होतं, जसं काही सोयरिकीला.
या वेळी मी हरण्याच्या नळीला माझ्या करदोट्याचा लाल दोरा बांधला. बाई हसल्या, पण बांधू दिला. किसन म्हणला, "माझ्या नळीला काय बांधू, काळा?"
एक झालं. बाई सामान आवरत होत्या तेव्हा पाखऱ्याचा कासरा सुटला आणि तो चालत जाऊन हरण्याच्या डावीकडं उभा राहिला. जुवाखाली असायचा तीच बाजू. हरण्यानं त्याची मान चाटली. त्यांच्यात काही वाटणीबिटणी झालेली नाही.
किसननं बराच वेळ कासरा धरला नाही.
मग चहा न घेता गेला. मंगलनं तर टाकला होता.

११ ऑगस्ट
काही फोन नाही. दाबून ठेवलं असेल. प्रकाश परस्पर बोलला असेल का? त्याचा मोबाइल चार्जिंगला होता, पण मला तो उघडता येत नाही.
हरण्याची वैरण आज थोडी उरली. ओली होती म्हणून.

२० ऑगस्ट, बुधवार
फोन आला. हरण्याची खूण उतरली आहे. शिंग नीट आहे असं धरायला हरकत नाही, तरी लक्ष ठेवा. मग पहिल्यांदा का वाढली होती? बाई म्हणल्या, अंगात कुठं सूज, जखम असली तरी वाढते. तेव्हा हरण्याचं मागचं खूर चिघळलं होतं, हे खरं आहे. मी हळद भरत होतो.
म्हणजे खूर, का नळी? बाईंनी स्वतःवर येऊ नये म्हणून खूर पुढं केलं असेल.
पाखऱ्याचं विचारलं. "ते त्यांना कळवलंय, काका." एवढंच. आवाज बदलला होता. मंगल म्हणते नव्हता बदलला.
प्रकाशनं हरण्याच्या पाठीवर थाप मारली. "वाचलास लेका," म्हणला. गोशाळेचं नाव काढलं नाही. याचा अर्थ लागत नाही.
मला आनंद व्हायला पाहिजे. जेवण गेलं नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार
उद्या पोळा. आज खांदेमळणी. दिवस कलताना किसन आला, पाखऱ्याला घेऊन, वाटीत हळद आणि लोणी. वाटणीनंतर पहिल्यांदा. म्हणला, "जोडीनंच मळू म्हणलं. येगयेगळं बरं नाय दिसत."
एवढी गोडी कशासाठी, हेच मनात आलं. शेताच्या बांधाचं जुनं भांडण काढतो का, वाट बघत होतो. काढलं नाही.
मी हरण्याचा खांदा मळला, त्यानं पाखऱ्याचा. उद्या जेवायला या म्हणून दोन्ही बैलांना आवतण दिलं. मळता मळता किसनचा हात खांद्यावरून वर गेला आणि डाव्या शिंगाच्या बुडाशी थांबला. मग त्याच्या ध्यानात आलं, मी बघतोय. हात काढून धोतराला पुसला.
"तुझा काय आला, दादा?"
"बरा आला."
"मंग झालं तर." खरंच बरं वाटल्यासारखा म्हणला.
आता मी पाखऱ्याचं विचारायचं. इतके दिवस दुसरं काही विचारत नव्हतो, सगळ्या जगाला तेच विचारत होतो. त्याला विचारता येईना.
तो म्हणला, "आज ऱ्हाऊ दे याला हितंच. उद्या संगंच सजवू." कासरा माझ्या हातात दिला आणि गेला. ज्यानं कधी पाखऱ्याची शेपटी धरू दिली नाही, त्यानं कासरा दिला.
दाराशी बसून लिहितोय. दोघं शेजारी रवंथ करताहेत. पाखऱ्याचं डावं शिंग उजव्यापेक्षा जरा खाली वाटतं. उजेड कमी झालाय. आणि गोठ्याची जमीन त्या बाजूला उतरती आहे, ती मीच नीट केली नव्हती.
सकाळी किसन यायच्या आधी त्यांच्या जागा बदलून बघतो.
पण पाखऱ्या उजवीकडं उभा राहत नाही.