गोळी चुकल्यानं नाई, सुरभी

चि. सुरभीले नागपूरहून मायचे लाख लाख आशीर्वाद.

बाजाराच्या दिवशी तुह्याकडून माही गोळी द्याची राह्यली, म्हणून छातीतला कॅन्सर पुन्हा वाढला, असं मनात धरू नोको. गोळी हार्मोन अडवत होती. पण डॉक्टरबाई म्हणते, गाठीतलं हार्मोनचं बटनच बदललं. आपल्या मोटारपंपाचं बटन अडकलं का कोणी न दाबता पाणी चालूच राह्यते ना, तसं. गोळी काय करन बिचारी? आता दुसरं औषध हाय.

हा बदल गाठीतलाच, पोरीले जात नाई. परत परत इचारून घेतलं म्या.

बाबा जेवतात ना? वांगे कोण तोडून राह्यलं?

डॉक्टरबाईनं इचारलं, घरी गोळी कोण देत होतं? म्या तुहं नाव सांगतलं. ते म्हणे, "तिच्यामुळंच इतके वर्षं निभलं."

तुहीच,
माय