फरशी पुसायची वेळ

९ फेब्रुवारी

दवाखान्यातून फोन. मला वाटलं, आपलं काही तिथं राहिलं असेल. पोरीचा एक मोजा अजून सापडत नाहीये.

पण फोनवरच्या बाई म्हणाल्या, तुमच्या नातीबद्दल बोलायला घरी येऊ का? आता तिथं नवीन पद्धत आलीय म्हणे. जे मूल दवाखान्यात जातं — म्हणजे कायमचं जातं — त्याच्याबद्दल सगळे डॉक्टर, सिस्टर एकत्र बसतात. काय झालं, कसं झालं, वाचलं असतं का. कुणाला शिक्षा करायला नाही. शिकायला.

मुलगा म्हणाला, "शिकायला आमचीच सापडली का?" आणि ताट सरकवून उठला.

सून काही बोलली नाही. पोर गेल्यापासून ती बोलतच नाही. हो आणि नाही, एवढंच. त्यातही नाहीच जास्त.

मी म्हटलं, या.

११ फेब्रुवारी

फौजदार म्हणायची मी तिला. धड दोन वर्षांचीही नव्हती, पण घरावर जरब! सगळ्यांच्या चपला एका रांगेत पाहिजेत. एखादी वाकडी दिसली की उचलायची आणि ज्याची त्याच्या मांडीवर आणून टाकायची. द्या खुलासा. बोलता यायचं नाही फारसं. "बस" आणि "जा" एवढ्या दोन शब्दांवर राज्य चालवलं.

आज सकाळी दारात चपला रांगेत. भिंत धरून उभी राहिले.

मग कळलं, सून लावते. रोज. कुणाला न सांगता.

१४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई आल्या. वयानं माझ्या सुनेएवढ्याच. चष्मा सारखा नाकावर घसरतो, त्या बोटानं वर ढकलतात. मी म्हटलं, "बाई, दोरी बांधा त्याला. आमच्या गावचे मास्तर बांधायचे. पोरांच्या मागं धावताना पडायचा नाही." हसल्या. हसल्या म्हणून मला बऱ्या वाटल्या, नाहीतर चहा देऊन वाटेला लावणार होते.

मग विचारायला लागल्या. मी सांगत गेले. ताप आला. छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. दवाखान्यात नेलं तर नाकात नळी लावली, वाफेसारखी हवा सोडली. दुसऱ्या दिवशी पोर बरी दिसली. दोन घास खाल्ले. सिस्टरला "बस" म्हणून हुकूम सोडला. मी ह्यांच्या फोटोला सांगायचंही ठरवलं होतं — फौजदार परत येतेय, तुमचा हार सरळ करून ठेवते.

तिसऱ्या दिवशी सकाळी घंटा झाली. रोज व्हायची. घंटा झाली की सगळ्या बायकांनी बाहेर यायचं. आधी फरशी पुसायची, मग मोठ्या डॉक्टरांचा राउंड. दार लागायचं. आम्ही दोघी बाहेर बाकावर. दाराला गोल काच, पण तिला आतून पांढरा रंग फासलेला. आत डोकावायचं नाही.

दार उघडलं तेव्हा सिस्टरनं मला एकटीला बोलावलं. सुनेच्या आधी सासूला बोलावतात, ते काही मानपानासाठी नाही. दारातच समजले मी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाकातली नळी कोण सांभाळायचं?"

"कोण म्हणजे? तिची आई. पोर ओढायची, ही लावायची. ओढायची, लावायची. दिवसभर तेवढाच खेळ."

"आणि बायका बाहेर गेल्यावर?"

मी रिकाम्या कपबशा उचलल्या.

सुनेशी बोलायचं होतं त्यांना. ती स्वयंपाकघरात घासलेली भांडी परत घासत होती. मी हाक मारली तर नळ मोठा केला.

१५ फेब्रुवारी

आणि बायका बाहेर गेल्यावर? आणि बायका बाहेर गेल्यावर? दूध उतू गेलं. दुसरं तापत ठेवलं, तेही गेलं.

२० फेब्रुवारी

बैठकीला बोलावलंय. घरच्यांची बाजू सांगायला.

मुलगा म्हणाला, "जाऊ नकोस. कसल्यातरी कागदावर सही घेतील." मी म्हटलं, "माझी सही वाचून दाखवणारा अजून जन्मायचाय." हसला नाही. पूर्वी हसायचा.

मला कुणाचा सूड नको आहे. मला सून परत पाहिजे. काल तिला साडी नेसताना बघितलं, निऱ्या हातात धरून तशीच उभी. पुढं काय करायचं ते विसरल्यासारखी. एकदाच काय ते बोलली होती, पहिल्या आठवड्यात. आंघोळीचं पाणी काढता काढता. "मी गेले ना, आई. बाहेर." त्यानंतर काही नाही. तेच तिला आतून खातंय. कुणीतरी मोठ्या माणसानं तिला सांगायला पाहिजे, बाई गं, तू गेली नाहीस, तुला काढलं. माझं ऐकत नाही. सासूचं कोण ऐकतं? मी तरी कुठं ऐकलं होतं!

२६ फेब्रुवारी

जाऊन आले.

लांब टेबल. प्रत्येकापुढं पाण्याची बाटली, पीत कुणीच नव्हतं. मोठ्या डॉक्टरांची मिशी काळीभोर, डोकं पांढरं. रंग कमी पडला असेल. हे मनातच म्हटलं. सगळंच तोंडावर म्हणत नाही मी.

नावं घ्यायची नाहीत, असा नियम. म्हणजे कुणावर बोट ठेवलं असं व्हायला नको. आमच्या पोरीला "खिडकीजवळची खाट" म्हणत होते. खिडकीजवळच्या खाटेला ताप होता. खिडकीजवळच्या खाटेचा श्वास वाढला. दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा मला राहवेना. म्हटलं, "नाव नका घेऊ, पण खाट नका म्हणू. आम्ही तिला फौजदार म्हणायचो." मोठ्या डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. त्यानंतर सगळे फौजदारच म्हणाले. तेही जड गेलं. इतक्या अनोळखी तोंडांत तिचं नाव.

मोठे डॉक्टर म्हणाले, अशा मुलांची तब्येत कधीही ढासळू शकते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हो सर. पण ढासळली तेव्हा बघत कोण होतं?"

त्या सकाळची सिस्टर बोलली. बोटं मोडत होती. "राउंडला मी सरांच्या मागं असते, फायली घेऊन. मावशी फरशीला असतात. बायका बाहेर."

म्हणजे कुणीच नाही.

डॉक्टरीणबाईंनी हळूच सांगितलं — याआधी जी मुलं गेली, त्यांतली बरीच सकाळीच बिघडली होती. दार बंद असताना. आजवर कुणी एकत्र मांडून बघितलं नव्हतं. एकेक मूल वेगळं वाटायचं. एकेकाचं नशीब वाटायचं.

मोठे डॉक्टर म्हणाले, "मी नोकरीला लागलो तेव्हापासून हीच पद्धत आहे."

मी म्हटलं, "आमच्या गावच्या शाळेतही एक पद्धत होती, साहेब. तपासणी आली की कच्ची पोरं मागच्या खोलीत कोंडायची. वर्ग कसा छान दिसायचा. मीही असायची त्या खोलीत." कुणी हसलं नाही. मीही हसवायला म्हटलं नव्हतं.

शेवटी ठरलं. राउंडला आईला बाहेर काढायचं नाही. फरशी आई बसलेली असतानाच पुसायची. मोठ्या डॉक्टरांनीच म्हटलं ते, टोपणाकडं बघत. जाताना माझ्यापुढं थांबले. हात जोडले आणि गेले.

जिन्यात सिस्टरनं गाठलं. "तुमची नात मला बस म्हणाली होती, मावशी. मी बसले नाही. वेळच नव्हता."

तिच्यावर रागवणार होते. म्हटलं, "ती सगळ्यांनाच म्हणायची गं."

२७ फेब्रुवारी

सुनेला समोर बसवून सांगितलं. तिच्या मांडीवर धुतलेले कपडे होते. म्हटलं, "ऐक. त्यांनी कबूल केलंय. तुला बाहेर काढायलाच नको होतं. तुझी काही चूक नाही. आता कुठल्याच आईला काढणार नाहीत."

मला वाटलं होतं, रडेल. बांध फुटेल. मी पदर सावरून तयारीत बसले होते.

तिनं टॉवेलाची घडी घातली. मोडली. परत घातली. मग म्हणाली, "असं म्हणाले?" आणि उठून आत गेली.

रडला तो मुलगा. दाराआड. बापासारखाच आहे, रडायचं तेही गुपचूप.

सगळं बरोबर झालं. मग ही का अशी?

३ मार्च

शेजारच्या घरात कुणाचंतरी मूल "बस" म्हणालं. मी बसले. हातात केरसुणी तशीच.

८ मार्च

वॉर्ड बघून आले. डॉक्टरीणबाईंनी बोलावलं होतं. सून आली नाही. दारापर्यंत आली, चपलेत पाय घातला, काढला.

घंटा वाजत नाही आता. बायका खाटांवर पाय वर घेऊन बसलेल्या, फरशी पुसणारी मावशी खालून फडकं मारतेय आणि पुटपुटतेय, "राण्याच झाल्यात सगळ्या." मी म्हटलं, "आणि तू दासी. मार फडकं." ती खो खो हसली. काचेवरचा रंग खरवडलाय. नीट निघाला नाही, कडेला तुकडे राहिलेत.

खिडकीजवळ एक झिपरा पोरगा होता. बघितलं नाही नीट. बघायला नको वाटलं. तरी बाहेर आल्यावर काचेतून बघितलंच.

१७ मार्च

डॉक्टरीणबाईंचा फोन. आवाज बसलेला.

आणखी एक मूल गेलं. राउंड चालू होता. आणि ह्या वेळी आई शेजारीच होती! बाहेर काढलं नव्हतं, खाटेवर बसलेली होती. सिस्टर हाकेच्या अंतरावर. पोराचे ओठ काळेनिळे पडत गेले आणि आईनं हाक मारली नाही. "आई जवळ असली की झालं, असं वाटलं होतं आम्हाला," म्हणाल्या. "तिनं हाक का मारली नाही, तेच कळत नाही. विचारलं तर नुसती रडते." पुन्हा बैठक आहे.

जेवताना मी घरात सांगितलं. म्हटलं, "काय बाई असेल! डोळ्यासमोर पोर जातंय आणि तोंडाला कुलूप?"

सुनेनं घास खाली ठेवला. हात धुतला नाही. तशीच बसून राहिली, आम्ही उठलो तरी.

१८ मार्च

सून बोलली.

"मी आत होते, आई."

पाणी प्यायला म्हणून बाकावरून उठली होती ती त्या दिवशी. धुण्याच्या खोलीतून वॉर्डाच्या मागच्या दारानं आत गेली. नळी निघालेली होती. तिनं लावली. तरी श्वास लांबत चालला. सिस्टर पलीकडं, पाठमोरी. आदल्याच दिवशी हिला झापलं होतं — सारखं सारखं बोलावू नका. आणि आता तर आत असणंच चोरीचं. हाक मारली तर बाहेर काढतील, पोरीला एकटं ठेवतील. म्हणून खाटेआड खाली बसली, पोरीचा हात धरून. गप्प. संपेपर्यंत. मग आली आणि माझ्याशेजारी बाकावर बसली.

मी तिला विचारलं होतं, पाणी गार होतं का.

आता दारात उभी आहे, जायला तयार. "त्या पोराच्या आईला भेटायचंय मला. आणि बैठकीत डॉक्टरांना मी सांगते, आम्ही बायका तुम्हाला घाबरतो म्हणून. तुम्ही नका सांगू, आई. तुम्ही गंमत कराल."